अठ्ठ्याण्णवचा साप

कृष्णात मगदूम पंच्याण्णवच्या घरात उभा होता. पायांत बूट नव्हते, नुसते मोजे, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून मधे ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली शंभर घरांची सापशिडी. सोंगट्यांच्या जागी जिवंत माणसं. भोवती दोन शिफ्टची मिळून दीडएकशे माणसं दाटीवाटीनं उभी, आणि पुढच्या चार खुर्च्यांवर साहेब लोक.

"टाक रं कृष्णा! तीन सोडून काय बी टाक!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

तीन पडले तर अठ्ठ्याण्णव, आणि अठ्ठ्याण्णवात थोरल्या सापाचं तोंड होतं. त्याची शेपटी पार खाली, सातच्या घरात. पाच पडले की मात्र थेट शंभर. शंभरात जो पहिला पोचेल त्याला कारखान्यात कायम करणार, असं वर्क्स मॅनेजर निगुडकर साहेबांनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं. जागा एकच होती. कृष्णात सहा वर्षं हंगामी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटावर उभं राहून आपलं नाव पुकारायची वाट बघायची, अशी सहा वर्षं.

मी पंच होते. गळ्यात शिट्टी, हातात प्रश्नांची कार्डं. खेळही माझाच होता.

पॅकिंगच्या सुतारानं खोक्याच्या लाकडाचा नारळाएवढा फासा करून दिला होता. कृष्णातनं तो दोन्ही हातांत घेतला, आणि टाकायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ त्या गर्दीत फक्त मला कळत होता. तो कळायला आदल्या दिवसाची दुपार सांगायला हवी.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यात शिकून कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात ट्रेनिंग ऑफिसर म्हणून लागले होते. ट्रॅक्टरला लागणारे पत्र्याचे भाग तिथं व्हायचे. पत्रा प्रेसमध्ये ठेवायचा, वरून जड ठोकळा खाली येणार आणि पत्र्याला आकार येणार. त्या ठोकळ्याखाली हात सापडला तर हाताला कसला आकार येतो, ते मी फोटोंत पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक प्रेसला हातभर अंतरावर दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर म्हणजे ठोकळ्याखाली कुणाचा हात असायचा प्रश्नच नाही. इतकं सोपं.

इतकं सोपं शिकवायला मी चार महिने भाषणं दिली आणि माणसं चार महिने झोपली. एक जण तर चक्क घोरायचा. बाकीचे त्याला उठवायचे नाहीत, कारण तो जागा झाला तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन अशी त्यांना धास्ती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी रोज अर्धा तास ओतत होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी पाहिलं, तोच घोरणारा फरशीवर खडूनं आखलेल्या पटाभोवती बसून एका सोंगटीसाठी तावातावानं भांडत होता. सोंगट्या बोल्टच्या नटांच्या होत्या. मी तशीच केबिनमध्ये गेले आणि कागदावर सापशिडी काढली. चष्मा, हातमोजे, मशीन बंद करून मगच हात घालणं, या शिड्या झाल्या. ज्या चुकांनी माणूस अधू होतो, ते साप. सापाच्या तोंडी जो येईल त्याला पंचानं कार्ड वाचून दाखवायचं. उत्तर बरोबर दिलं तर साप चावत नाही, माणूस तिथंच थांबतो. चुकलं तर सापाच्या अंगावरून, प्रत्येक वळण घेत, शेपटीपर्यंत चालत जायचं.

सगळ्यात मोठा साप अठ्ठ्याण्णवचा. 'एक बटण अडकवून काम करणे.' पेंटर रसिक होता, त्यानं सापाला मिशा काढल्या.

पहिल्या दिवशी पटावर यायला कुणी धजेना. शेवटी बेलेकर अण्णा पुढे झाले. अण्णा कारखान्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर, डाव्या हाताची दोन बोटं नसलेले. ताडपत्रीच्या कडेला ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"अण्णा, बूट राहू द्या की," मी म्हटलं.

"पटावर बूट घालून जात न्हाईत, मॅडम," अण्णा म्हणाले. "खेळ असला म्हणून काय झालं."

त्या दिवसापासून सगळेच बूट काढायला लागले, आणि खेळ असा रंगला की विचारू नका. माणसं शिफ्टच्या अर्धा तास आधी येऊन बसायची. घोरणाऱ्यानं तर सगळी कार्डं तोंडपाठ केली. पहिल्या महिन्यात शंभरातली तीस उत्तरं बरोबर यायची, तिसऱ्या महिन्यात पंच्याण्णव. मी आलेख काढला, लाल रेघ वर वर जाणारी, आणि तो मुंबईच्या ऑफिसला गेला. निगुडकर साहेब खूश झाले. सुरक्षा सप्ताहात फायनल घ्यायची, मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार, जिंकेल तो कायम, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मला ते तेव्हा फार थोर वाटलं. माझं स्वतःचंही त्या मार्चअखेर ठरायचं होतं. कृष्णात हंगामी होता आणि मी प्रोबेशनवर. इंग्रजी शब्द लावला की हंगामीपणाला इस्त्री केल्यासारखी वाटते, एवढाच काय तो फरक.

फायनलच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या शेडमध्ये, निघाले होते. रोज मी पुढच्या शटरनं जायची. त्या दिवशी तिथं शिडी लावून सुरक्षा सप्ताहाचा फलक बांधत होते, म्हणून मी वळसा घालून भंगाराच्या बाजूच्या मागच्या दारानं आत शिरले.

आत पाऊल टाकलं आणि मी थांबले. आवाज वेगळा होता.

मला माहीत असलेला शॉपचा आवाज संथ होता. धप्, मग जरा थांबून पुन्हा धप्. हा आवाज सलग होता, धपधपधपधप, एकामागून एक, श्वास घ्यायला फट नसलेला. क्षणभर मला वाटलं मी चुकून शेजारच्या कारखान्यात आले. तेवढ्यात पुढच्या बाजूच्या कुणाला तरी माझं पिवळं हेल्मेट दिसलं. पाण्याच्या पाइपवर पान्याचे दोन ठोके पडले, टण टण. आणि सगळ्या शॉपचा आवाज एका दमात संथ झाला. वर्गात मास्तर आल्यावर होतो तसा.

आठ महिने मी तिथं होते. आठ महिने मी माझ्यासाठी काढलेला आवाज ऐकत होते.

सातव्या प्रेसवर कृष्णात होता, माझ्यापासून पाच पावलांवर, पाठमोरा. त्याच्याच प्रेसच्या आवाजात त्याला पाइप ऐकू आला नव्हता. मी जाऊन मागे उभी राहिले. डाव्या बटणावर बाभळीच्या लाकडाची पाचर ठोकून बसवलेली, गुळगुळीत, हातात घेऊन घेऊन काळी झालेली. बटण दाबलेलंच. तो एका हातानं पत्रा सरकवत होता आणि दुसऱ्या हातानं उजवं बटण हाणत होता.

"मगदूम."

त्यानं वळून बघितलं, प्रेस थांबवली, आणि पाचर काढून हातात धरली. लपवली नाही.

"हे काय आहे?"

"पाचर."

"काल अठ्ठ्याण्णवच्या प्रश्नाला तुम्ही घडाघडा उत्तर दिलंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"त्ये खेळातलं, मॅडम," तो समजूत घातल्यासारखं म्हणाला. "ह्ये कामातलं."

माझा पारा चढला. "मी हे निगुडकर साहेबांना सांगितलं तर उद्या तुम्ही पटावर उभेसुद्धा राहणार नाही. कळतंय का?"

"कळतंय की." त्यानं पाचर पँटच्या खिशात घातली. "तुमचं काम हाय त्ये. सांगा."

गयावया केली असती तर मला सोपं गेलं असतं. तो पुन्हा प्रेसकडे वळला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबायला लागला, धप्, थांबून धप्, आणि ते माझ्यासाठी चाललंय हे दोघांनाही माहीत होतं. मी तिथून तरातरा बेलेकर अण्णांकडे गेले.

"अण्णा, ह्या पाचरी कोण करून देतं?"

"मी," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. बघायला नको होतं, पण नजर गेलीच.

"ह्ये बटण अडकवूनच गेलं," अण्णांनी हात वर करून दाखवला. "तवा आमी नाणं कोंबायचो. नाणं निसटतं. निसटलं की मानूस त्ये बसवाय वाकतो, आणि वाकल्यावर दुसरा हात कुटं हाय ह्येचं ध्यान ऱ्हात न्हाई. बाभळीची पाचर निसटत न्हाई. म्हणून खंडेनवमीला मशिनीची पूजा झाली की नव्या मानसाला पेढ्याबरोबर पाचर देतो. तेवढीच काळजी."

"काळजी? अण्णा, तुम्ही ती लावूच नका असं सांगायचं सोडून..."

"मॅडम, साप झ्याक काढलाय तुमी. मिशा बी झ्याक. पण त्याला दूध कोण घालतंय त्ये न्हाई काढलं." त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली.

भिंतीवर फळा होता. प्रेस नंबर, नगाचं नाव, तासाचं टार्गेट. सातव्या प्रेसपुढे तीनशेचा आकडा. त्या फळ्यावरून मी दिवसातून चार वेळा जात होते. तासाला तीनशे म्हणजे एका नगाला बारा सेकंद. बारा सेकंदांत पत्रा उचलायचा, बसवायचा, दोन्ही हात मागे आणून बटणं दाबायची, नग काढायचा. दोन बटणांनी हे होतं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शंभर घरांच्या पटावर मी त्याला एक घर दिलं नव्हतं.

संध्याकाळी निगुडकर साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आले. सांगितलं तर कृष्णातची नोकरी जाते. सांगितलं तर माझी लाल रेघही जाते, तीन महिन्यांचा आलेख खोटा ठरतो. मी मनाला समजावलं की मी कृष्णातसाठी गप्प बसतेय. मन समजूतदार असतं, सोयीचं असेल तेव्हा तर फारच. मी मूग गिळून घरी गेले.

आणि आता कृष्णात पंच्याण्णवात उभा होता.

त्यानं फासा टाकला. तो ताडपत्रीवर घरंगळत गेला, सिकंदर मुल्लाणीच्या पायाशी अडला आणि थांबला. तीन.

"अरारारा!" सगळं कॅन्टीन एका सुरात ओरडलं, पण त्यात काळजी नव्हती. अठ्ठ्याण्णवचं उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ होतं. उत्तर दिलं की पुढच्या दोन पावलांत कृष्णात कायम होणार होता. त्याच्या मागे एकटा सिकंदर, तोही हंगामीच, एक्क्याण्णवात.

कृष्णात तीन घरं चालून मिशाळ सापाच्या तोंडात उभा राहिला. मी कार्ड वाचलं. "दोनपैकी एक बटण अडकवून तुम्ही काम करता का? नसल्यास का नाही?"

प्रश्न मीच लिहिला होता. त्यातलं 'तुम्ही करता का' हे नुसतं सुरुवातीला काहीतरी हवं म्हणून घातलं होतं. तीन महिन्यांत त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं, सगळे थेट 'का नाही'वर जायचे.

मागून कुणीतरी हळूच सांगायला लागलं, "दोन्ही हात बटणावर..." कृष्णातनं खिशात हात घातला, पाचर बाहेर काढली, वाकून सापाच्या तोंडात ठेवली आणि सरळ उभा राहिला.

"करतो," तो म्हणाला.

कॅन्टीनमधली भांडी घासायचीसुद्धा थांबली.

"अरे मगदूम, घाबरलास काय?" निगुडकर साहेब हसत म्हणाले. "नीट आठव. पाठ आहे ना तुला?"

"पाठ हाय, सायेब." कृष्णातनं हात मांडीला चिकटवले आणि शाळेत म्हणतात तसं म्हणून दाखवलं, "नाही. दोन्ही हात बटणांवर असले की हात ठोकळ्याखाली जात नाही. हात सुरक्षित तर घर सुरक्षित." मग हात सोडले. "ह्ये कार्डातलं झालं. पण इचारलंय, करता का. तर करतो. कालबी केलं, आज सकाळीबी केलं. तासाला तीनशे नग दोन बटनांनी निघत न्हाईत."

"टार्गेटचा विषय आत्ता नाहीये."

"मग कवा हाय, सायेब?" त्यात उर्मटपणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "पर्मनंट केल्यावर नवी मानसं माझ्या हाताखाली शिकाय देणार तुमी. त्यास्नी काय शिकवू? कार्ड का पाचर? तेवढं आत्ताच सांगितलं तर बरं हुईल."

मुंबईचे साहेब निगुडकरांच्या कानाशी वाकले. "पाचर म्हणजे काय?" त्यांनी हळू विचारलं, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं.

निगुडकर साहेब हुशार माणूस होते. झाकली मूठ उघडायच्या आत पुन्हा कशी मिटायची ते त्यांना येत होतं. ते मोठ्यानं म्हणाले, "ते असू दे. उत्तर तर त्यानं दिलं, शब्द न् शब्द. खेळाचा नियम म्हणजे नियम. हेर्लेकर मॅडम, तुम्ही पंच. उत्तर बरोबर की चूक?"

दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. कृष्णातही बघत होता. तसाच, फासा टाकायच्या आधी बघितलं होतं तसा.

तेव्हा मला वाटलं माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. चूक म्हणायचं, आणि खरं बोललेल्या माणसाला सातवर पाठवायचं. किंवा बरोबर म्हणायचं आणि त्याला वाचवायचं. तिसरी वाट होती. काल दुपारी मी स्वतः पाहिलंय, त्या फळ्यावरचा आकडा पाहिलाय, आणि मी गप्प बसले, एवढी तीन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटली.

"बरोबर," मी म्हणाले.

निगुडकर साहेबांनी टाळी वाजवली. आणखी दोघातिघांनी वाजवली.

कृष्णातनं मान खाली घातली. मग तो वळला आणि सापाच्या अंगावरून चालायला लागला.

"अरे, बरोबर दिलंय तुला!" निगुडकर ओरडले. "मगदूम! थांब तिथंच!"

तो थांबला नाही. घाई पण केली नाही. साप डावीकडे वळला की तो डावीकडे वळे, उजवीकडे वळला की उजवीकडे. फाटक्या मोज्यातला तो अंगठा सापाच्या पिवळ्या खवल्यांवर टेकत, उचलत, टेकत गेला. मुद्दाम कुणाला दाखवायला चालल्यासारखंही ते नव्हतं. प्रेस बंद करून माणूस घरी जायला निघतो तसा तो गेला. सातच्या घरात पोचल्यावर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी शिट्टी वाजवली. नियमाप्रमाणे पुढची पाळी सिकंदरची होती. त्यानं फासा टाकला, सहा पडले, तो सत्त्याण्णवात गेला. कृष्णातला मग दोन पडले. पुढच्या खेपेला सिकंदरला बरोबर तीन पडले. तो शंभरात पोचला, पण नाचला नाही. गळ्यात हार घालताना तो माझ्याकडे बघत नव्हता. चांगला माणूस होता सिकंदर, त्याची काही चूक नव्हती. त्याला त्या दिवशी नोकरी लागली आणि त्या दिवशी तो जेवला नाही, असं मला नंतर कळलं.

पट गुंडाळताना पाचर सापाच्या तोंडातच पडलेली होती. मी ती उचलून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या शटरनं शॉपमध्ये गेले. पिवळं हेल्मेट डोक्यावर होतं. पाण्याच्या पाइपपाशी नेहमीचा माणूस उभा होता, पाना त्याच्या हातात होता. त्यानं मला बघितलं. पान्यानं एक बोल्ट आवळला आणि आपल्या कामाला लागला. आवाज संथ झाला नाही. धपधपधपधप, मी सगळ्या शॉपमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि एकानंही पाचर काढली नाही.

हा विश्वास होता की मला मोजणंच त्यांनी सोडलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण रडू आलं, आणि ते लपवायला मी अण्णांच्या प्रेसमागे जाऊन उभी राहिले.

"अण्णा, मला प्रेस शिकवा," मी म्हटलं.

"तुमास्नी?"

"दोन बटणांनी. घड्याळ लावून."

अण्णांनी मला वरून खाली न्याहाळलं. "आदी ओढणी काढून ठेव, पोरी," ते म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

तासाभरात माझे एकशे बारा नग झाले आणि खांदे गळून पडले. मग अण्णा बसले, तीस वर्षं मुरलेला हात. त्यांचे दोनशे चार झाले. तीनशे नाहीत. मी ते लिहिलं, फळ्यावरचा आकडा शेजारी लिहिला, कॅन्टीनमध्ये काय घडलं ते लिहिलं, आणि फायनलच्या आदल्या दुपारी मी काय पाहून गप्प बसले होते तेही लिहिलं. निगुडकर साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी फळा लावलेला होता.

"हे मुंबईला गेलं तर तुमचं कन्फर्मेशन लांबेल, मॅडम," ते म्हणाले.

"लांबू दे," मी म्हटलं. तिथं मात्र जीभ चालली.

माझं सहा महिने लांबलं. चार महिने पत्रापत्री झाली, मुंबईहून माणसं आली, त्यांनीही घड्याळं लावली, आणि जुलैमध्ये एका सोमवारी सातव्या प्रेसपुढचा तीनशेचा आकडा पुसून तिथं दोनशे लिहिलं गेलं. सातव्या प्रेसचा आवाज संथ झाला, माझ्यासाठी नव्हे, आपल्यापुरता. बाकीच्या प्रेस पुढच्या वर्षी. त्यानंतर मी कितीतरी कारखान्यांत खेळ मांडले, पण मांडायच्या आधी शॉपमधला फळा वाचल्याशिवाय कधी मांडला नाही.

दोनशेचा आकडा कृष्णातनं मात्र पाहिला नाही. त्याचे सात महिने मार्चअखेर भरले.

एकतीस तारखेला दुपारी तो माझ्या केबिनच्या दारात आला. हंगामी माणसांनी जाताना बूट आणि हेल्मेट परत करायचं आणि फॉर्मवर ट्रेनिंग ऑफिसरची सही घ्यायची, असा शिरस्ता होता. बूट त्यानं पुसून आणले होते, जोडीनं, एकमेकांना टेकवून.

"पुन्हा बोलावतील तुम्हाला," मी म्हटलं. "मी निगुडकर साहेबांशी बोललेय."

"बरं," तो म्हणाला. आम्हां दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

मी ड्रॉवरमधून पाचर काढून टेबलावर ठेवली. "ही तुमची."

"ठेवा तुमच्यापाशी. मला अण्णा दुसरी देतील." मग त्याला स्वतःलाच हसू आलं. "आणि आता लावू तरी कुटं?"

मला राहवेना. गेले पंचवीस दिवस एक प्रश्न मी मनात घोळवत होते. "मगदूम, एक विचारू?"

"इचारा की."

"मी बरोबर म्हटलं होतं. तुम्ही नुसते उभे राहिला असतात, तरी आज हे बूट परत द्यायला यायची वेळ आली नसती. का उतरलात?"

तो हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"मला वाटलं, तुमी चूक म्हणणार," तो म्हणाला.

"आणि म्हटलं असतं तर?"

"तर भांडलो असतो की! खरं बोललं म्हणून साप चावतो, ह्यो कुठला खेळ? तितंच फतकल मारून बसलो असतो. निगुडकर सायेब काय, त्यांचा बा आला असता तरी हाललो नसतो." त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं, पट्टा नीट आत सरकवला. "पण तुमी बरोबर म्हणला. पाचर सापाच्या तोंडात, आणि उत्तर बरोबर! मग कुणीतरी उतराय पायजेच हुतं, मॅडम."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता. त्यानं फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि जिथं करायची तिथं बोट ठेवलं. मी सही केली.